नुसतं नाव कुणाचं? नवं आलं की जुन्याला विशेषण का लागतं



सुरुवात एका अगदी रोजच्या शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे 'गाडी'.

आपल्या सातारा-सांगली भागात आज कुणी सांगितलं की, 'गाडी घेतली', तर आपण लगेच विचारतो, 'दोन चाकी का चार चाकी?' बैलजोडी कुठल्या बाजारातून आणली, असं कुणी विचारत नाही. (हशा) पण आपल्या पणजोबांच्या पिढीत घरातलं मोठं माणूस 'गाडी जुंप' म्हणालं, की गडी सरळ गोठ्याकडे जायचा. गाडी म्हणजे बैलांचीच. रोजच्या बोलण्यात तिला 'बैल' हा शब्द जोडायची गरज नव्हती. मग मोटार आली. ती नवी, म्हणून पूर्ण नाव तिला होतं: मोटारगाडी. पुढे मोटारी वाढल्या, फटफट्या आल्या, आणि हळूहळू नुसतं 'गाडी' हे नाव त्यांच्याकडे गेलं. मूळची जी गाडी होती, तिला आता पूर्ण नाव सांगावं लागतं: बैलगाडी.

आज आपल्याला बोलायचं आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल. वस्तू तीच, कामही तेच, पण दुसरं काही नवं आलं म्हणून तिचं नाव बदलतं. अशा नावाला इंग्रजीत 'रेट्रोनिम' म्हणतात. अमेरिकेतले फ्रँक मँकिविच यांनी हा शब्द काढला आणि भाषेवर सदर लिहिणारे विल्यम सफायर यांनी 1980 साली तो लोकांपुढे आणला. विजेची गिटार आल्यावर साध्या गिटारीला 'अकूस्टिक' म्हणावं लागलं, हे त्यांच्याकडचं नेहमीचं उदाहरण. आपण सोयीसाठी 'मागाहून आलेलं नाव' म्हणू. घरातसुद्धा अशी नावं भरपूर सापडतील. सेलवरची घड्याळं आली तेव्हा जुनं झालं 'चावीचं घड्याळ'. आकड्यांची आली तेव्हा 'काट्याचं घड्याळ'. मोबाइल आला तेव्हा घरचा फोन झाला 'लँडलाइन', आणि स्मार्टफोन आला तेव्हा तोच मोबाइल झाला 'बटणाचा फोन'.

यात तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर जुन्याकडे नुसतं नाव असतं आणि नव्याला विशेषण असतं. दुसऱ्या पायरीवर दोघांनाही विशेषण लागतं, कारण नुसतं म्हटलं तर घोटाळा होतो. तिसऱ्या पायरीवर नुसतं नाव नव्याकडे जातं आणि विशेषण जुन्याच्या गळ्यात राहतं. भाषेत नुसतं नाव कुणाकडे आहे, हे पाहिलं की समाजात 'नेहमीचं' काय आणि 'वेगळं' काय, हे आपोआप कळतं.

ही सवय काही मोबाइलबरोबर आलेली नाही. साताऱ्यात उभं राहून हे सांगायला फार सोपं आहे. साताऱ्याचे शाहू महाराज 1749 साली वारले. त्यांना हयातीत 'थोरले' म्हणायचं कारण नव्हतं. शाहू महाराज म्हणजे तेच. पुढे 1777 मध्ये दुसरे शाहू गादीवर आले, आणि मग आधीच्यांना 'थोरले शाहू महाराज' म्हणायची वेळ आली. थोरले बाजीराव, थोरले माधवराव यांचंही तेच. पुढे धाकटा आल्याशिवाय कुणी थोरला होत नाही.

गावांचंही तसंच. कृष्णा जिथे उगम पावते ते देवळाचं गाव महाबळेश्वर. 1828 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तिथून पाच-सहा किलोमीटरवर थंड हवेचं ठिकाण वसवलं. त्याच्या बाजाराला 'माल्कम पेठ' म्हणत. म्हणजे पहिली पायरी: नव्याला वेगळं नाव. आज काय आहे? 'महाबळेश्वरला चाललो' म्हटलं की डोळ्यांपुढे बाजार, स्ट्रॉबेरी आणि पॉइंट येतात. आणि मूळ गावाला 'क्षेत्र महाबळेश्वर' किंवा 'जुनं महाबळेश्वर' म्हणावं लागतं.

आता नांगराकडे वळू, कारण त्यात या गोष्टीची सगळी गुंतागुंत दिसते. आणि तो आपल्या दारातला विषय आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तो 1903 मध्ये. पुढे तिथली जागा सोडावी लागली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या मदतीने 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. सुरुवातीला शेतकरी या नांगराला बिचकत होते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. तेव्हा 'नांगर' म्हणजे सुताराने बाभळीच्या लाकडातून घडवलेला नांगर, आणि किर्लोस्करांचा तो 'लोखंडी नांगर'.

पण लोखंडी नांगराचं एक काम लाकडीला जमत नव्हतं. लाकडी नांगर जमीन फाडत जातो. लोखंडी नांगर फाडलेली माती उचलून पालथी टाकतो. काळ्या जमिनीत हरळी माजली असेल तर हा फरक फार मोठा. नांगर खपायला लागले आणि मग जुन्या नांगराला 'लाकडी नांगर' हे नाव मिळालं. गंमत अशी, की लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच असतो. म्हणजे 'लाकडी' हे त्याचं नीट वर्णनसुद्धा नव्हे. तो नव्यापेक्षा वेगळा आहे, एवढंच ते नाव सांगतं. मागाहून आलेली बरीच नावं अशीच असतात. जुन्या वस्तूत काय होतं हे ती सांगत नाहीत, नव्यातलं काय तिच्यात नव्हतं तेवढं सांगतात.

या नावाबरोबर आणखी काही बदललं. नांगर सुताराकडे होता तोवर त्याचा हिशोब बलुत्यात होता. सुगीला सुताराला धान्य जायचं, आणि नांगर मोडला तर तोच दुरुस्त करायचा. नांगर कारखान्यातून यायला लागला तसा सुट्टा फाळ रोख पैशाने विकत घ्यायची वेळ आली. 'लाकडी' हा शब्द लागला तो नांगराला, पण त्याची झळ लागली सुताराच्या घराला.

आणि गोष्ट इथे थांबत नाही. पुढे ट्रॅक्टर आला. आज कुठल्याही गावात 'नांगरट केली' म्हटलं की ट्रॅक्टरनेच केली असं धरलं जातं. बैलांनी केली असेल तर 'बैलाची नांगरट' असं मुद्दाम सांगावं लागतं. एकेकाळी लोकांना भीती वाटावी इतका नवा असलेला लोखंडी नांगर आता लाकडी नांगराच्याच शेजारी, 'जुनी अवजारं' म्हणून प्रदर्शनात उभा असतो. आजचं नुसतं नाव उद्या आपल्याकडे राहीलच, असं कुणीही धरून चालू नये.

उलटंही होतं. जुन्याला त्याचं नुसतं नाव परत मिळू शकतं. त्यासाठी सांगलीच्या नाटकाकडे पाहू.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' केलं. आपण 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो तो त्यासाठीच. पुढे लिहून काढलेली, गद्यात बोलायची नाटकं आली. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' 1861 चं. मग 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' केलं, आणि पात्रं स्वतः पदं गाऊ लागली. हे नवं, म्हणून त्याला विशेषण: 'संगीत शाकुंतल'. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचं 1899 चं नाटकही 'संगीत शारदा'. संगीत नाटकाने असं वेड लावलं, की ज्या नाटकात गाणी नाहीत त्याला 'गद्य नाटक' असं खुलासेवार म्हणावं लागलं. साताऱ्याचं नाव मिरवणारी शाहूनगरवासी नाटक मंडळी ही गद्य नाटकांची मंडळी म्हणून ओळखली गेली. गणपतराव जोशींचा हॅम्लेट तिथलाच. बिनगाण्याचं नाटक आधीपासून होतं, पण त्याला 'गद्य' ही पाटी लागली ती गाणी आल्यावर.

आणि आज? आज आपण 'नाटकाला चाललो' म्हणतो तेव्हा ते गद्यच असतं. 'गद्य नाटक' कुणी म्हणत नाही. गाणी असतील तर मात्र 'संगीत नाटक' असं सांगावं लागतं. शंभर वर्षांत चक्र पूर्ण फिरलं. सिनेमात असं झालं नाही. 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलू लागली, आणि त्याआधीचे चित्रपट 'मूकपट' झाले. 'बोलपट' हा शब्द काही वर्षं चालला आणि मग गेला, कारण सगळेच बोलू लागले. मूकपट मात्र मूकपटच राहिले.

मग प्रश्न असा येतो, की जुन्याला कोणतं विशेषण लागणार हे ठरवतं कोण? आम्हाला वाटतं, या विषयाचा खरा गाभा इथे आहे. विशेषण बहुधा तो लावतो, ज्याला जुन्याची गरज उरलेली नसते. आणि तो ते आपल्या नजरेतून लावतो.

ज्वारीचं बघा. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आलं आणि शेतात 'हायब्रीड' हा शब्द शिरला. तोवर आपल्याकडे रब्बीचा शाळू होता, मालदांडी होती, गावोगावचं घरचं बी होतं. त्या सगळ्याचं एकदम झालं 'गावठी बी'. शेतीखात्याच्या भाषेत 'सरळ वाण' आणि 'स्थानिक वाण'. गावठी म्हणजे मागासलेलं, अशी त्याची छटा. नवं बी पोतं भरून देत होतं, अन्नाची टंचाई होती, त्यामुळे ते विशेषण खपूनही गेलं. पण भाकरीच्या चवीने हळूहळू उत्तर दिलं. 'हायब्रीड' हा शब्दच कमी दर्जाचा ठरला. नुसती उंची वाढलेल्या, दम नसलेल्या पोराला म्हातारी माणसं 'हायब्रीड' म्हणायला लागली. (हशा) आणि 'गावठी'चं झालं 'गावरान', मग 'देशी'. वस्तू तीच. अर्थ खालून वर चढला.

गाईचं तसंच. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत खिलार जनावरं. खरसुंडीच्या यात्रेत त्यांचा बाजार भरतो. आधी ती नुसती गाय होती, नुसता बैल होता. जर्सी आणि होल्स्टिन आल्या, दुधाचे कॅन भरायला लागले, आणि घरची गाय 'गावठी' झाली. आज दूध संस्थेत 'गाईचं दूध' म्हणजे बहुतेक वेळा संकरित गाईचंच. देशी गाईचं असेल तर वेगळं सांगावं लागतं आणि वेगळा दर मागितला जातो. 30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारने देशी गाईंना 'राज्यमाता-गोमाता' असा दर्जा जाहीर केला, आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. त्या निर्णयाबद्दल आपली मतं काहीही असोत. आजच्या विषयापुरतं एवढंच पाहू, की बोलीतलं एक विशेषण सरकारी कागदावर गेलं आणि त्याला पैशाचा आकडा चिकटला. आता कोणती गाय 'देशी', हा नुसता बोलण्याचा प्रश्न उरत नाही.

कुणी म्हणेल, मग हे सगळे शब्द जुन्याच्या बदनामीसाठीच असतात का? तसं नाही, आणि याचंही उदाहरण आपल्याच नदीकाठी आहे. ठिबक आलं तेव्हा सरीतून पाणी सोडायच्या जुन्या पद्धतीला 'मोकाट पाणी' म्हणू लागले. शब्द बोचरा आहे. मोकाट म्हणजे ज्याला दावं नाही असं जनावर. पण वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णेकाठच्या उसाच्या जमिनी पांढऱ्या पडल्या, क्षारपड झाल्या, यात वारेमाप पाण्याचा मोठा वाटा आहे. इथे विशेषणाने जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. तेव्हा विशेषण दिसलं की रागवायचंही नाही आणि भुलायचंही नाही. ते काय सांगतंय आणि कोण सांगतंय, हे तपासायचं.

आता कायद्यात काय होतं ते बघू. माग म्हणजे माग. विजेवर चालणारे माग आले, विट्यासारख्या गावात त्यांची खडखड सुरू झाली, आणि जुना माग झाला 'हातमाग'. 1985 साली केंद्राने हातमागासाठी काही कापडप्रकार राखून ठेवणारा कायदा केला. ते प्रकार यंत्रमागावर विणायचे नाहीत, अशी त्यातली कल्पना. त्या कायद्यात हातमागाची व्याख्या काय, तर यंत्रमाग नसलेला कोणताही माग. हजारो वर्षं चालत आलेल्या मागाची ओळख, काल आलेल्या मागाला वगळून! विणकराचा हात, त्याचा ठोका, त्याच्या बायकोने भरलेल्या कांड्या, यातलं काही त्या व्याख्येत नाही. पण त्याच कोरड्या व्याख्येच्या आधाराने विणकराला थोडंफार संरक्षण मिळतं, हेही खरं. 'हात' ही दोन अक्षरं सैल केली तर त्याच्या पोटावर येतं.

जिथे अशी व्याख्याच नसते तिथे काय होतं, ते आपण बाजारात रोज बघतो. पोल्ट्रीची कोंबडी आली आणि दारातली कोंबडी 'गावठी' झाली, मग 'गावरान'. गावरान अंड्याला दर चांगला. मग गिऱ्हाईक ओळखणार कसं? तर कवच तपकिरी असेल तर गावरान, अशी एक समजूत पसरली. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. पिंजऱ्यात पाळलेल्या कोंबडीचं अंडंसुद्धा तपकिरी असू शकतं, आणि उकिरडा उकरून खाणाऱ्या कोंबडीचं पांढरट. दारात दहा कोंबड्या पाळणारी मावशी खरं अंडं विकते, आणि तिच्या शब्दाचा भाव दुसराच कुणी घेऊन जातो.

तेलाचंही हेच. एक्सपेलर आले, डब्यातलं रिफाइंड तेल आलं, आणि बैलाच्या घाण्याचं तेल बाजारातून जवळजवळ गेलं. आता ते 'लाकडी घाण्याचं तेल' म्हणून परत आलंय, जास्त भावाने. घाणा बहुधा विजेवर फिरतो, बैल नाही. लाकूड तेवढं उरलंय. ते वाईट आहे असं नाही, पण आपण जुनी वस्तू घेतोय की जुनं नाव घेतोय, हे कळलं पाहिजे.

शेवटचं उदाहरण खताचं, कारण त्यात सगळ्यात मोठी उलथापालथ आहे. उकिरड्यात कुजलेलं ते खत. युरियाची पोती आली तेव्हा ते 'रासायनिक खत' होतं. आज दुकानात जाऊन नुसतं 'खत द्या' म्हणा, पोतंच मिळेल. जुन्याला 'शेणखत' म्हणावं लागतं. आणि त्या शेणखतावर पिकवलेल्या मालाला 'सेंद्रिय' म्हणावं लागतं. 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बाजारात 'सेंद्रिय' म्हणून विकायचं तर प्रमाणपत्राची ठरलेली पद्धत पाळावी लागते. लहान उत्पादकाने थेट गिऱ्हाइकाला विकलं तर त्यात सूट आहे. फसवणूक थांबावी म्हणून नियम हवाच. पण उलटा हिशोब लक्षात घ्या. ज्याने पोतं टाकलं त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. त्याची ती नुसती भाजी. ज्याने टाकलं नाही त्याने कागद दाखवायचा. नुसतं नाव गमावणं म्हणजे हे: पुरावा द्यायची जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून आम्ही म्हणतो, की ही नावं गमतीची असली तरी नुसती गंमत नाही. जुन्या वस्तूला नवं विशेषण लागताना दिसलं की तीन प्रश्न विचारावेत. हे विशेषण लावलं कुणी? त्याने भाव चढतो की उतरतो, आणि तो कुणाच्या पदरात पडतो? आणि त्याची व्याख्या कुठे लिहिलेली आहे का? शेतकऱ्याने, विणकराने, दारात कोंबड्या पाळणाऱ्या बाईने हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. विकत घेणाऱ्यानेही विचारले पाहिजेत.

आणि नाव गेलं म्हणून हात टेकायचं कारण नाही. ते परत येतं, हे नाटकाने दाखवलं. आपल्या दोन जिल्ह्यांनीही दाखवलंय. 1949 मध्ये संस्थानं विलीन झाली आणि जिल्हा दोन केला. दक्षिणेकडचा झाला 'दक्षिण सातारा', आणि त्यामुळे मूळच्या साताऱ्याला, काही कारण नसताना, 'उत्तर सातारा' व्हावं लागलं. अकरा वर्षं कागदोपत्री तो उत्तर साताराच होता. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला स्वतःचं नाव मिळालं: सांगली. आणि त्याच वेळी उत्तरेकडचाही विशेषणातून सुटला, परत नुसता सातारा झाला. नव्याला त्याचं स्वतःचं नाव दिलं की जुन्याला त्याचं नुसतं नाव परत मिळतं.

घरी गेल्यावर एक करा. म्हातारं माणूस असेल त्याला विचारा, 'तुमच्या लहानपणी याला नुसतं काय म्हणायचे?' आणि जे ऐकाल ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण तिथून सुरुवात करू.